उंबऱ्यावरच्या बारा खाचा

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, धान्याचीही नव्हे. कुत्री व्यायला आली की तिला माझ्यात ठेवतात, म्हणून कुमानोच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत मला सगळे बाळंतपेटी म्हणतात. पडवीत माझ्या शेजारी मुळ्याच्या लोणच्याचं पिंप असतं. ते दर हिवाळ्यात भरतं आणि त्याचा त्याला भारी तोरा आहे. मी मात्र नऊ वर्षं रिकामी होते, मित्रांनो. वाट पाहणं म्हणजे काय, ते त्या पिंपाला विचारू नका. मला विचारा.

माझा जन्म तेरा वर्षांपूर्वीचा. इवाओ आजोबांनी न्हाणीसाठी हिनोकीच्या सुगंधी लाकडाचा नवा हौद केला होता. त्यातून उरलेल्या फळ्यांपासून त्यांनी मला बनवलं. ते रानडुकराचे शिकारी. पण हातात रंधा आला की त्यांच्यासारखा हळुवार माणूस नाही. माझ्या तीन भिंती त्यांनी उंच ठेवल्या. पुढची मात्र बुटकी केली, म्हणजे आई सहज ओलांडून जाईल आणि पिल्लं आतच राहतील. या बुटक्या फळीला ते माझा उंबरा म्हणत. आत भिंतींना लागून त्यांनी खालच्या अंगाला एक दांडी बसवली. आई भिंतीला टेकून झोपली, तरी मागे अडकलेलं पिल्लू त्या दांडीखाली सुखरूप राहतं. एवढा विचार त्यांनी न्हाणीच्या हौदासाठीसुद्धा केला नव्हता.

माझ्यात पहिली आली तामा, पांढरीशुभ्र आणि चांगली तीन वर्षांची. तिला सहा पिल्लं झाली. जगलेल्या प्रत्येक पिल्लामागे आजोबांनी माझ्या उंबऱ्यावर चाकूने एक खाच पाडली. पुढच्या खेपेला पाच झाली. काय ते दिवस होते! माझ्या फळ्या दिवसरात्र उबदार असत. दुधाचा वास, चुळबुळ, एकमेकांच्या अंगावरून चाललेली रांगारांग. आजोबांची मुलगी नागिसा चहातली भाताची पेज घेऊन माझ्याशेजारी बसायची आणि तिची पेज गार होऊन जायची. येणारा जाणारा वाकून बघायचा आणि म्हणायचा, "वा, पेटी झकास केलीस हं!" मी मनातल्या मनात फुगायचे.

अकरा खाचांपैकी शेवटची मोयोची. आजोबांनी तिलाच घरी ठेवलं. ती दहा महिन्यांची झाली आणि पहिल्यांदा माजावर आली, तेव्हा कुणी फारसा विचार केला नाही. नदीपलीकडच्या सेइकिची आजोबांच्या कुत्र्याकडे तिला नेलं आणि ती गाभण राहिली.

आता तुम्हांला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कुत्रीचं बाळंतपण सोपं, असं इथे सगळे मानतात. म्हणून बाईला पाचवा महिना लागला की पंचांगात बारा दिवसांतून एकदा येणारा कुत्र्याचा दिवस बघतात, देवळात जातात आणि तिच्या पोटाला पट्टा बांधतात. तीही कुत्रीसारखी सुखाने सुटावी, एवढंच मागणं. त्या वर्षी नागिसाला दिवस होते. नेमक्या कुत्र्याच्या दिवशी सकाळी मोयो कळा देऊ लागली. आजोबांनी तिला माझ्यात ठेवलं, गवत पसरलं, पाणी ठेवलं आणि म्हणाले, "हिचं ही करेल. कुत्रीला काय शिकवायचंय?" आणि ते नागिसाला घेऊन देवळात गेले.

मोयो स्वतःच अजून पोर होती. पहिलं पिल्लू झालं आणि तिने ते चाटलं. दुसरं अडलं. ती माझ्या उंबऱ्याकडे तोंड करून दाराकडे बघत होती. दार उघडलं नाही. ती ओरडलीही नाही, फक्त बघत राहिली. मी काय करणार? मला हात नाहीत. तिचं काळीज माझ्या तळाच्या फळीवर धडधडत होतं, ते मला कळत होतं. दुपारी ते थांबलं, तेही मलाच कळलं.

आजोबा परतले तेव्हा एकच पिल्लू जिवंत होतं, दांडीखाली सरकलेलं. त्यांनी बारावी खाच पाडली. मग मला गरम पाण्याने धुतलं, पडवीत उभी करून ठेवलं आणि वर गोणपाट टाकलं. त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. वाचलेल्या नराला नागिसाने बाटलीने वाढवलं आणि मग तो दुसऱ्या गावी गेला.

नऊ वर्षं गेली. खरं सांगू? मला मोयोची आठवण यायची, पण पिल्लांची जास्त यायची. पडवीत उंदीर पळाला तरी मला वाटायचं, आलं का कुणी?

आणि गेल्या उन्हाळ्यात फुकी आली. त्या बाटलीवर वाढलेल्या नराची ही लेक, म्हणजे मोयोची नात. तसेच उभे कान, तशीच वळलेली शेपटी. शरद ऋतूत ती नऊ महिन्यांची झाली, पहिल्यांदा माजावर आली आणि दुसऱ्याच दिवशी सेइकिची आजोबा संत्र्यांची पिशवी घेऊन हजर झाले. संत्री हे निमित्त होतं. त्यांचा आताचा कुत्रा गोन दहा वर्षांचा झाला होता. आमच्या खोऱ्यात शिकारीच्या जातीचा तेवढा एकच नर उरला होता.

त्या दिवशी इवाओ आजोबांनी माझ्यावरचं गोणपाट काढलं. मला धुतलं, उन्हात ठेवलं, सैल झालेली दांडी ठोकून बसवली. मित्रांनो, उन्हाने माझ्या लाकडाला पुन्हा वास सुटला! लोणच्याच्या पिंपाकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

ओसरीवर चहा आला आणि बोलणं सुरू झालं.

"परवा गोनला घेऊन येतो," सेइकिची आजोबा म्हणाले. "लग्नाला नवरदेवच येतोय असं समज."

"काका, ती नऊ महिन्यांची आहे," नागिसा म्हणाली. "तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, पहिला माज सोडा, दुसराही सोडा. दोन वर्षांची होऊ दे. त्याआधी तिची नीट तपासणी करून घ्या."

"दोन वर्षं? अगं, गोनला काय देवाने हमीपत्र दिलंय? जिना चढताना मागचे पाय ओढतो तो. माझ्यासारखाच. आत्ता नाही तर कधीच नाही, तुझ्या बापाला विचार."

इवाओ आजोबा संत्रं सोलत होते. ते सोलतच राहिले.

"आणि कुत्रीच्या बाळंतपणाची कसली आलीय काळजी?" सेइकिची आजोबा हसत म्हणाले. "तू नाही का बांधलास पट्टा, कुत्र्याच्या दिवशी?"

नागिसाने कप उचलले आणि ती आत गेली. सेइकिची आजोबांना काही समजलं नाही. त्या दिवशी आमच्या घरात काय झालं, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मोयो आजाराने गेली, असंच ते समजून होते.

माझं सांगते. मला वाटत होतं, हो म्हणा. आजोबा, एकदा हो म्हणा. माझ्यात पुन्हा दुधाचा वास येऊ दे. मी स्वार्थी होते, मित्रांनो. मोयो माझ्यातच गेली आणि तरी मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी फुकीला माझ्यात आणून ठेवलं. तिला सवय व्हावी म्हणून. ती तीनदा आत आली, तीनदा बाहेर उडी मारून गेली. मग तिला गवत सापडलं. तिने ते सगळं उपसून अंगणभर केलं. मग माझा उंबरा सापडला आणि ती आडवी पडून, चारही पाय वर करून तो कुरतडू लागली. दातांत लाकूड धरायचं, गुरगुरायचं, पुन्हा सोडायचं. मध्येच स्वतःची शेपटी दिसली, तेव्हा ती तिच्या मागे लागली आणि दांडीवर आपटली.

आजोबा हसले. हसता हसता माझ्याशेजारी खाली बसले. त्यांचं बोट उंबऱ्यावरून फिरू लागलं आणि बाराव्या खाचेपाशी येऊन थांबलं. त्या खाचेपुढेच फुकीच्या दातांचे ओले व्रण होते.

"हे पोर आहे," ते हळूच म्हणाले. "मोयोसुद्धा पोरच होती. मी बघितलंच नाही."

मागे नागिसा उभी होती. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "दुसऱ्याच्या बाळंतपणासाठी देवळात हात जोडत होतो मी. आणि घरात ती दाराकडे बघत असेल."

"बाबा, मी तुमच्याबरोबरच होते," नागिसा म्हणाली. "पट्टा माझ्या पोटाला होता. मला पोरीच्या दर वाढदिवसाला आठवतं ते." तिची मुलगी नुकतीच नऊ वर्षांची झाली होती. दोघंही रडली. नऊ वर्षांचं ते रडणं माझ्या काठावर बसून झालं.

तिसऱ्या दिवशी सेइकिची आजोबा पूल ओलांडून आले. गोनला आंघोळ घातलेली, गळ्यात नवीन लाल दोर.

"सेइकिची, नको," इवाओ आजोबा दारातच म्हणाले.

"नको म्हणजे? मग मी याला काय नदीची हवा खायला आणलंय?"

"ती दोन वर्षांची होईपर्यंत थांबणार मी."

"तोवर हा नसेल! तुला कळतंय का? तामाचं रक्त, गोनचं रक्त, सगळं तुझ्या हट्टापायी बुडेल."

"कळतंय," इवाओ आजोबा म्हणाले. मग त्यांनी मोयोचं सगळं सांगितलं, दारात उभं राहून, काही न लपवता. सेइकिची आजोबांचा चेहरा उतरला. ते वळले. जाताना मात्र पुटपुटलेच, "आंघोळ फुकट गेली."

मला पुन्हा पडवीत नेलं नाही. ओसरीवरच ठेवलं. रोज सकाळी नदीपलीकडून गोनचा आवाज येई आणि मी म्हणे, आहे अजून. टिक रे बाबा. सव्वा वर्ष टिक. कधी आवाज उशिरा आला की माझा जीव टांगणीला लागायचा. इवाओ आजोबाही तोवर पेजेला हात लावत नसत. आम्ही दोघं एकाच आवाजाची वाट बघत होतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

माघातल्या बर्फात एका सकाळी आवाज आलाच नाही.

दुपारी सेइकिची आजोबा आले. काखेत गोनची जुनी गोधडी होती. "झोपेतच गेला," ते म्हणाले. "फार त्रास नाही झाला."

"माझ्यामुळे त्याचं रक्त बुडालं," इवाओ आजोबा म्हणाले.

"गप रे. फुकी मेली असती तर मी तुला तोंड दाखवलं असतं का?" त्यांनी नाक पुसलं. "दोन डोंगर पलीकडे एक नर आहे म्हणे. जमेल तेव्हा बघून येऊ. तोवर तुझ्या फुकीला ही गोधडी घे. घरात ठेवली की मला बघवत नाही."

त्यांनी ती माझ्यात पसरली. फुकी आली, गोधडी हुंगत राहिली, तिने तीन गिरक्या घेतल्या आणि ती अंगाचं वेटोळं करून झोपली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुत्रीलाही पिल्लं व्हावीत असं तुम्हांला वाटेल. वाटू द्या, मलाही अजून वाटतं. पण आधी तिच्याकडे नीट बघा. ती अजून तुमच्या चपला पळवते का, शेपटीमागे धावते का, ते बघा. जाणत्या माणसाला विचारा, आणि नाही म्हणायची वेळ आली तर नाही म्हणा. आणि होय म्हणालात, तर त्या दिवशी तिच्यापाशी थांबा. देऊळ दुसऱ्या दिवशीही उघडं असतं.

दोन डोंगर पलीकडे काय होईल, मला माहीत नाही. तेरावी खाच कदाचित पडणारही नाही. आज माझ्या तळाच्या फळीवर एक काळीज धडधडतं आहे, अगदी मोयोचं थांबलं होतं त्याच जागी. मी त्याचे ठोके ऐकते आहे.