क्लचचे तीन तास

शालिग्रामला आपल्या हाताचा गर्व होता. गर्व कसला, माजच म्हणा. जळगाव जामोदच्या एका ट्रॅक्टर वर्कशॉपात तो सगळ्यांत जुना मिस्त्री, आणि धाकटा साळा गोकुळ त्याच्याच शब्दावर तिथं लागलेला.

कोणत्या कामाला किती वेळ लागायला हवा हे ठरवायला कंपनीचा साहेब आला, तेव्हा क्लच बदलून दाखवायला वर्कशॉपच्या मालकानं, प्रज्वलशेठनं, शालिग्रामलाच पुढं केलं. ट्रॅक्टर शोरूममधला, कोरा. त्याच्या बोल्टला ना चिखल, ना गंज.

"भाऊजी, जरा सावकाश," गोकुळ कानाशी लागला. "आज तुमी जेवढा टाइम लावसान, तेवढाच उद्या आमच्या बोकांडी बसन."

"हाव," शालिग्राम म्हणाला. पण साहेबानं घड्याळ काढलं, भोवती माणसं जमली, मग कसला सावकाश होतो तो. तीन तासांत इंजिन सुटं करून, नवी प्लेट बसवून त्यानं ट्रॅक्टर चालू करून दिला. साहेबानं पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या फळ्यावर लिहिलं गेलं : क्लच, तीन तास. सगळ्यांसाठी.

सोयाबीनच्या हंगामात गावोगावचे ट्रॅक्टर आले, अंगावर वर्षांची माती थापलेले. बोल्ट सैल करण्यातच निम्मा जीव जायचा. गोकुळचा हात जपून चालणारा. त्याचं काम कधी फिरून आलं नाही, पण पाच तासांच्या आत ते होतही नसे. दिवाळीच्या तोंडावर प्रज्वलशेठनं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

"माह्या भावाच्या पोटावर तुमीच पाय देल्ला," बायको छाया म्हणाली. ते खरंच होतं.

सकाळी तो शेठपुढं उभा राहिला. "तो टाइम कोऱ्या ट्रॅक्टरचा हाय, शेठ. एक जुना द्या, मी करून दाखवतो. पाच तास लागले तं गोकुळले परत घ्या."

शेठ कबूल झाला. गोकुळ आपली पान्यांची पेटी घेऊन आशेनं दाराशी येऊन उभा राहिला. शालिग्राम स्वतःला बजावत होता, हळू लेका, हळू. पहिलाच बोल्ट अडला. त्यानं मुद्दाम पाना खाली ठेवला, घाम पुसला आणि चहा मागवला.

शेठ हसला. "राहू द्या शालिग्रामभाऊ. वय झालं आता तुमचं."

शालिग्रामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चहा तसाच निवला. त्यानंतर त्यानं मान वर केली ती ट्रॅक्टर सुरू झाल्यावरच.

"तीन तासही नाही झाले," शेठ घड्याळाकडे पाहत म्हणाला. जमलेल्यांनी वाहवा केली.

गोकुळनं आपली पान्यांची पेटी उचलली आणि तो निघाला. शालिग्रामला लाज वाटली, नाही असं नाही. पण तिच्याआधी त्याची छाती फुगली होती, आणि ती फुगलेली गोकुळनं पाहिली होती.