सव्वा हाताचा दरवाजा

आमच्या ग्रामदेवीच्या गाभाऱ्याचा दरवाजा सव्वा हात रुंद आहे. ज्यांनी तो बांधला त्यांच्या डोळ्यांसमोर आमचे हे नसावेत. गाभाऱ्यात शिरून देवीला न्हाणायचं आणि दसऱ्याला कौल लावायचा, हा मान आमच्या घराचा, भावकीतल्या थोरल्या पातीचा. अकरा वर्षांपूर्वी घटस्थापनेला हे पोटापर्यंत आत गेले आणि तिथेच राहिले. तिघांनी मिळून ओढून काढलं. मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुदासाक देवी सोडूक तयार नाय रे!"

त्या दिवसापासून मान धाकट्या पातीकडे गेला, म्हणजे यांच्या चुलतभावाकडे. त्यांना सगळा गाव भाई म्हणतो. भाई भावजी काठीसारखे, आडवे न होताच आत जातात. हायवेला त्यांचं हॉटेल आहे. त्यांच्याकडचं जेवण त्यांनी स्वतः कधी खाल्लं नसावं, अंगावरून तरी तसंच वाटतं.

कौल म्हणजे देवीचा शब्द. देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

माझं देवीकडे एकच मागणं होतं. आमचं घरही हायवेलाच, पुढे मोठी पडवी. तिथे मला खानावळ घालायची होती. दुसऱ्याच्या हाताला चव असते तशी माझ्याही आहे, तो माझा गुण नाही, तिची कृपा. दरवर्षी दसऱ्याला मी विचारायची आणि दरवर्षी डावी पाकळी पडायची. अकरा वर्षं. मी मनाला लावून घेतलं नाही. माझंच काही चुकत असेल म्हणून मंगळवार धरले, मग शुक्रवार, मग चतुर्थी. सोमवार तर माहेरापासूनचा. भाई भावजी गाभाऱ्यातून बाहेर येऊन हळहळायचे, "वयनी, माका वाईट वाटता गो. पण देवीच्या मनात नाय." इतकं बोलून ते दुपारची गिऱ्हाइकं बघायला जायचे.

माझ्या व्रतांचा एक परिणाम मात्र झाला. उपास मी करायची, फराळ हे करायचे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे काप. "तुझ्या पुण्यात माझो वाटो," म्हणायचे. ओरोसला ऑफिसात हेड क्लार्क, दिवसभर खुर्चीत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं तर एकशे आठ किलो. मला जपमाळ आठवली, यांना घाम फुटला. "साहेब, आपला काटा जरा तपासून घेतलात का?" हे ऑफिसातल्या मराठीत म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "काटा बरोबर आहे. तुम्ही किती वर्षं टिकणार ते बघा."

घरी आल्यावर मी काही बोलले नाही. बोलून हे ऐकत नाहीत, ते मला पंचवीस वर्षांपूर्वी कळलं आहे. मी फक्त आमटीतलं खोबऱ्याचं वाटप कमी केलं. आमच्याकडे आमटीत नारळ नसेल तर पाहुणे विचारतात, घरात कोण आजारी आहे का. तरी केलं. भाताऐवजी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, लाल माठ, तवसं म्हणजे गावठी काकडी. बांगडा तव्यावर नुसता भाजून. वडे बंद. पहिल्या आठवड्यात यांनी ताटाकडे असं पाहिलं की जणू ऑफिसात चौकशी लागली आहे.

"गो, ह्या काय? मी काय बैल?"

"बैल बारीक असतत," मी म्हटलं.

चालायला तर तयारच नव्हते. शेवटी मी देवीला नवस बोलले, की यांची तब्येत सुधारू दे, हे रोज तुझ्या देवळाला एकवीस प्रदक्षिणा घालतील. नवस मी बोलले, फेडायचा यांनी. देवीचं नाव आल्यावर गावात तोंड दाखवायचं तर पाय उचलावे लागले. महिन्याभराने मी एकवीसच्या एकेचाळीस केल्या.

वजन उतरू लागलं तसा गाव काळजीत पडला. आमच्याकडे माणूस फुगला तर म्हणतात, सुखात आहे. वाळला की रोग. बसस्टॉपवर शेजारच्या बाबलीने सगळ्यांसमोर विचारलं, "गुरुदासा, शुगर इली की बायलेन खावक देवचा बंद केल्यान?" हे म्हणाले, "दोनय."

वर्षाने सत्त्याहत्तर किलो. गुडघे दुखायचे थांबले, घोरणं गेलं, जिना चढताना देवाचं नाव घ्यायची सवय सुटली. एवढे फायदे डॉक्टरांनीही सांगितले होते. पुढचा कोणीच सांगितला नव्हता.

यंदा घटस्थापनेला हे सोवळं नेसून सरळ गाभाऱ्याकडे गेले आणि आत शिरले. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली. भाई भावजींच्या हातातली फुलांची परडी हातातच राहिली. "दादा, सवय नाय तुका, मी येतंय," असं म्हणत ते पुढे झाले, पण थोरला आत असताना धाकट्याने शिरायचं नसतं. गावच्या मुख्य मानकऱ्यांनी, वृद्ध सत्यवानकाकांनी, त्यांना काठीने अडवलं.

हे घरी आले ते हसत. पडवीत बसले आणि उजव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. काळं काहीतरी चिकटलं होतं.

"वळखलंस? फणसाचो चीक! भाईन देवीच्या उजव्या खांद्यार लायल्यान हा. थरार थर. पाकळी पडतली कशी?"

अकरा वर्षं. मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी. आणि देवी बिचारी बोलत होती कुठे? तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

"मगे गावाक सांगा," मी म्हटलं.

"घरची गोष्ट गो. भावबंदांची अब्रू. मान परत इलो, बस झाला."

"बरां. यंदा माझा मागणा पुन्हा घाला."

हसू थोडं मावळलं. "घालूया. पण तू खानावळीत बसतलंस, आणि माका कोण वाडतला? आणि हेड क्लार्काची बायल ट्रकवाल्यांका भाकरी देतली, ह्या बरां दिसतला?"

"देवी सांगात ता," मी म्हटलं.

"व्हय, व्हय. देवी सांगात ता," हे म्हणाले. फार पटकन म्हणाले.

अष्टमीला मी यांचं सोवळं धुवायला घेतलं. काठाला बोटभर डाग होता. पांढरा, ताजा, चिकट. जुना चीक काळा असतो. झाडाला कोयतीचा चरा मारला की बाराही महिने मिळतो, आणि फणस आमच्या परसात तीन आहेत. साबणाने असा डाग निघत नाही, हे इथल्या बायकांना सांगावं लागत नाही. मी खोबरेल तेल आणलं, दोन बोटं फिरवली, डाग सुटला. सोवळं वाळत घातलं आणि देवीपुढे हात जोडून एक नवस बोलले. नवस बोलायला मुहूर्त लागत नाही.

दसऱ्याला सगळा गाव देवळात. हे पहाटेच आत जाऊन पूजा आटोपून आले होते. आता पाकळ्या लावायला वळणार, तेवढ्यात मी खोबरेलाचा तांब्या घेऊन पुढे झाले. माझा आवाज बारीक, म्हणून सगळे गप्प झाले.

"काकानू, माझो नवस आसा. हे बारीक झाले तर कौल लावच्या आधी ह्यांच्या हातान देवीक खोबरेलान मळून, शिकेकायच्या ऊन पाण्यान न्हाणायन."

यांचा चेहरा उतरला. "आता? कौल होवंदे, मगे बघूया."

"व्हय, कौल आधी," भाई भावजी म्हणाले. अकरा वर्षांत दोघा भावांचं पहिल्यांदा एकमत झालं. माझ्या स्वयंपाकाने इतकी माणसं जोडली जातील असं मला वाटलं नव्हतं.

सत्यवानकाकांनी काठी आपटली. "नवस थांबवतास? देवी रागावली तर? जा रे गुरुदासा, मळ तेल. आमी बघतंव."

सगळ्यांनी बघितलं. पूर्वी हे दारात उभे राहिले की गाभारा दिसेनासा व्हायचा. आता यांच्या दोन्ही बाजूंनी देवी दिसत होती. "खांद्यार नीट मळा," मी दारातून हळू सांगितलं. "उजव्या. आणखी थोडा." यांनी मळलं. कपाळावरून घाम गळत होता. मग शिकेकाई, ऊन पाणी, कोरडं वस्त्र. काळा पाषाण आरशासारखा झाला.

पाकळ्या लागल्या. काकांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवी माउली म्हाराजा, ह्या लेकीन जा मनात धरल्यान हा, ता तुका मान्य आसा तर उजवी दी, नसात तर डावी दी, पण खरा ता सांग..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला.

मी डोळे मिटले नाहीत. डावी पडली असती तर मी पुन्हा कधी विचारलं नसतं, हे तिला माहीत होतं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पाकळी खांद्यावरून सरकली आणि तिच्या पायाशी पडली.

भाई भावजी निघून गेले. गिऱ्हाइकांची वेळ झाली होती. हे गाभाऱ्यातून बाहेर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघ गो, दिलो उजवो कौल!" जणू स्वतःच दिला.

"तुमचो हातगुण," मी म्हटलं आणि तांब्या पुढे केला. "त्याल उराला हा थोडा. बोटा चिकाट झाली असतली, पुसून घेवा."