बिरूच्या खांद्यावरची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी आणि टोचणारी घोंगडी आहे. टोचते म्हणून नाक मुरडू नका. थंडी पडली की माझ्यावाचून कुणाचं पान हलत नाही!

परभणी जिल्ह्यात, ताडकळसजवळच्या एका माळावर बिरूचा मेंढवाडा होता. त्याच्याच मेंढ्यांच्या लोकरीचं सूत त्याच्या बायकोनं, कोंडाबाईनं, काढलं. विणकरानं मला मागावर विणलं, चिंचोक्याची खळ पाजली, तेव्हा कुठे माझ्या अंगात ताठा आला. तो अजून गेलेला नाही.

माझं काम नुसतं ऊब द्यायचं नव्हतं बरं का. दोन्ही हातांनी मला आडवी पसरून बिरू उभा राहिला, की पुढे धोका आहे हे ओळखून कळप मागे वळे. आणि घडी करून मला खांद्यावर टाकलं, की वाट मोकळी, या! त्याची लेक दैवशाला चालायला लागली तेव्हाच ही खूण शिकली. ती मला पसरून उभी राहिली की मागून नुसते तिचे दोन पाय दिसत.

पोर शिकली, परीक्षा दिली आणि हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायला निवडली गेली. गावात चेष्टा सुरू झाली. दुकानदार बालाजी म्हणे, मेंढरामागची पोर आता ढग वळवणार म्हणं! बिरू ऐकून घेई आणि घरी येऊन सगळा राग माझ्यावर काढी, असा झटके मला. निघताना दैवशालानं मला सोबत मागितलं. "तिथं मेंढरं हायत का वळवायला?" असं म्हणून बिरूनं मला दिलं नाही. खरं तर लेकीची ऊब माझ्यात राहिली होती, ती त्याला सोडवत नव्हती.

वर्षं गेली. दैवशाला विंग कमांडर झाली. आणि एका भादव्यात पूर्णा नदी अशी फुगली, की बालाजीसकट अर्धं गाव जीव मुठीत धरून आमच्या माळावर आलं. चहूकडे पाणी, आणि ते चढतच होतं. मदतीला दैवशालाच्या तुकडीला बोलावणं आलं. हा मुलूख पायाखालचा म्हणून ती स्वतःच निघाली.

हेलिकॉप्टर दिसताच लोकांनी हात हलवले. ते खालच्या सोयाबीनच्या रानाकडे उतरू लागलं. वरून ते रान सपाट, हिरवंगार दिसत होतं, पण खाली काळ्या मातीचा कंबरभर चिखल! चाकं रुतली असती तर सगळाच खेळ संपला असता. बिरू रानाच्या कडेला धावला आणि त्यानं मला दोन्ही हातांनी पसरलं. वारं मला हिसकत होतं, पण त्यानं सोडलं नाही.

वर काय झालं ते दैवशालानंच पुढे आईला सांगितलं. शेजारचा वैमानिक म्हणाला, तो म्हातारा आपल्याला बोलावतोय. ती म्हणाली, "नाही. तो वळवतोय." हेलिकॉप्टर वर उचललं. बिरू धापा टाकत मुरमाड टेकाडावर गेला, घडी करून मला खांद्यावर टाकलं आणि उभा राहिला. लेक बरोबर तिथेच उतरली. उतरताना मी पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून तो बाजूला होऊन मला पोटाखाली घेऊन बसला, नाहीतर माझी छाती अभिमानानं फाटली असती!

फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या आणि माळावरची सगळी माणसं वाचली. पाणीही माळाच्या माथ्याखाली थांबलं, आमची मेंढरंसुद्धा वाचली. पहिल्या फेरीत बसलेल्या बालाजीला मात्र ढग अगदी जवळून बघायला मिळाले.

यंदा दैवशाला ग्रुप कॅप्टन झाली, एका अख्ख्या तळाची प्रमुख. गावात सत्कार झाला. वाजंत्री बालाजीनंच आणली, पदरचे पैसे घालून. दैवशाला गाडीतून उतरली. एवढ्या गर्दीत तिला तिचे आबा, म्हणजे आमचा बिरू, दिसले. ते मला खांद्यावर टाकून वाटेच्या टोकाला उभे होते. ती सरळ त्यांच्याकडेच चालत आली.

बिरूनं मला खांद्यावरून काढलं आणि तिच्या गणवेशावर टाकलं.

"आता ने, माय. आता तुला कळप हाय."

तेव्हापासून मी तिच्या कचेरीतल्या खुर्चीवर असते. मोठमोठे अधिकारी मला हात लावून बघतात आणि बोटं चोळतात. मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी जुनी घोंगडी असेल, तर तिला कपाटाच्या तळाशी कसरीच्या हवाली करू नका. ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा, थंडीत अंगावर घ्या. तिनं कुणाकुणाला वळवलं, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि टोचलीच, तर थोडं सोसा.