काळोखात दिसलेल्या पेशी

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला कपाटाच्या काचेआडूनच पाहिले असेल. मान थोडी वाकलेली, पितळी नळीवरचा रंग उडालेला आणि डोक्यावर पिवळट प्लॅस्टिकचे टोपडे. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना सूक्ष्मदर्शक. नको तेवढे बारीक बघायचे हा माझा जन्माचा धंदा. पण एका सकाळी माझ्यासमोर जे घडले, ते बघून मी जो हबकलो तो अजून पुरता सावरलेलो नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझी भिंगे घासणारी बाई प्रत्येक भिंग उजेडात धरायची, नाक मुरडायची आणि पुन्हा घासायला बसायची. शेजारीण वैतागून म्हणायची, "अगं, पुढे तपासणारा बसलाय ना? दे की सोडून!"

"तो त्याचं बघेल, मी माझं बघते," एवढेच बोलून ही पुन्हा खाली मान घालायची.

तिथून मी या शाळेत आलो आणि विज्ञानाच्या सरांच्या हाती पडलो. सर तसे तापट. मुले मला हात लावू लागली की ओरडायचे, "अरे, हळू! पाहुणा आहे का तो, गळ्यात पडायला?" पण हात लावू द्यायचे. कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवायचा, माझ्या पोटाखालचा गोल आरसा खिडकीकडे वळवायचा, उजेड वर घ्यायचा आणि डोळा लावायचा. मग जे दिसेल ते कागदावर काढायचे. सरांचा नियम एकच होता. पुस्तक मिटलेले हवे.

एकदा एका मुलाने कागदभर जाड, काळ्या, वाकड्या रेघा काढल्या. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी स्वतः माझ्याशी डोळा लावला, मग त्या मुलाकडे पाहिले. "गधड्या, ही तुझी पापणी आहे! पण काढलीस मात्र हुबेहूब." आणि त्यांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. "बाकीच्यांनी पाठ असलेली पेशी काढली. यानं बघितलेलं काढलं. आणि ऐका रे, काही दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहायचं. त्याचेही गुण आहेत माझ्याकडे."

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. सर निवृत्त झाले आणि माझ्या कपाटाला कुलूप लागले. भिंतीवर पेशीचे रंगीत चित्र टांगले गेले. मुले त्यावरून चित्र काढायची, नावे द्यायची, झाले विज्ञान! मी आतून ते चित्र बघायचो आणि मनात म्हणायचो, असू दे बाबा, कधीतरी आठवण होईल.

आठवण झाली ती शाळेची तपासणी ठरली तेव्हा. विज्ञानाला आता एक तरुण बाई होत्या. हौशी, मन लावून शिकवणाऱ्या. पण त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ते सगळे मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, एका शब्दावर होते. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी शिपाईमामांनी मला कपाटातून काढले. टेबलाची कड लागली, मी कलंडलो आणि माझा आरसा फुटला. बाईंनी नळीत पाहिले. आत मिट्ट काळोख.

त्या धावत जाऊन मोठ्या बाईंना घेऊन आल्या. "मॅडम, यातून काहीच दिसत नाहीये. आपण हा प्रयोग वगळू या का?"

"वगळू या? अहो, कार्यक्रमात छापून बसलंय! पाहुणे काय पाच मिनिटं येणार, मान हलवणार आणि चहाला जाणार. मुलांकडून उत्तर बसवून घ्या."

"पण मॅडम, दिसतच नाही तर..."

"दिसायला कशाला हवंय? सांगायला हवंय. आणि तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव मी याच महिन्यात पाठवतेय, लक्षात आहे ना?"

बाईंनी मुलांना बोलावले. आणि मित्रांनो, त्या दुपारी माझ्यासमोर चक्क बघण्याची तालीम झाली! मुलांची रांग लागली. एक डोळा मिटायचा, दुसरा मला लावायचा, थोडे थांबायचे आणि म्हणायचे, "विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसतात." कोणी घाई केली की बाई सांगत, "लगेच नको बोलूस, थांब जरा. खरं वाटलं पाहिजे." माझ्या आत काळोख आणि बाहेर एकामागून एक मुले विटा मोजल्यासारखी बोलत होती.

त्या दुपारी एक मुलगी वर्गात नव्हती, तिला ताप होता. पुढचे दोन दात जरा मोठे म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून ती हौसेने शाळेत आली. तालीम तिला ठाऊकच नव्हती.

मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन आल्या. मुलांनी अगदी शिकवल्याप्रमाणे केले. मग खारूताईची पाळी आली. तिने डोळा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "काही नाही दिसत. काळंच आहे."

मागून कोणीतरी कुजबुजले, "ए शहाणे, विटा म्हण ना!" पुढे उभा असलेला एक जण तर मनापासून म्हणाला, "मला दिसल्या की! खरंच!" त्याचे डोळे मला दिसत होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याला आता खरोखरच तसे वाटत होते. त्या मुलाची मला भीती वाटली.

पाहुण्यांपैकी एक गृहस्थ हसत पुढे झाले. मला वाटले, सुटलो! हे बघतील आणि सगळे उघड होईल. त्यांनी माझ्याशी डोळा लावला, तो काळोख नीट न्याहाळला आणि म्हणाले, "वा, छान दिसतंय."

खारूताईने बाईंचा पदर धरला. "बाई, तुम्हाला दिसतं का?"

बाईंनी एकदा मोठ्या बाईंकडे पाहिले. मग त्या माझ्यावर वाकल्या. त्यांचा श्वास माझ्या काचेवर धुक्यासारखा जमला. "दिसतंय की," त्या म्हणाल्या. "तू नीट बघ."

खारूताईने पुन्हा डोळा लावला. खूप वेळ लावला. मग हळूच म्हणाली, "हो. दिसतंय. विटांसारखं."

टाळ्या झाल्या. शाळेला शेरा उत्तम मिळाला.

त्यानंतर आठवड्याभराने खारूताईची आई प्रयोगशाळेत आली. बिचारी अवघडून दारातच उभी. "बाई, रागावू नका हं. ही म्हणते माझे डोळे बिघडलेत, शाळेत सगळ्यांना दिसतं ते मला दिसत नाही. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग असं कसं हो? पुढे बसवता का हिला?" आणि मग आवाज खाली आणून, "आणि आणखी एक. हल्ली काही विचारलं की आधी माझ्या तोंडाकडे बघते. काल विचारलं, दूध गरम आहे का गं? तर म्हणते, 'आई, काय म्हणू?' सांगा, मला धस्स होणार नाही का?"

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. "तिला उद्या शाळा सुटल्यावर थांबवते," एवढेच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पर्समधला छोटा आरसा काढला आणि हातकामाच्या मातीने माझ्या पोटाखाली बसवला. खिडकीतला उजेड कितीतरी वर्षांनी माझ्या नळीतून वर चढला. पापुद्रा ठेवला. भिंग जुळवले. "ये, बघ."

खारूताई माझ्याजवळ आली आणि वाकायच्या आधीच म्हणाली, "विटांसारख्या रचलेल्या पेशी दिसतात, बाई."

मित्रांनो, फुटताना मला जितके लागले नव्हते, तितके ते वाक्य लागले.

बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. "त्या दिवशी मला काहीच दिसलं नव्हतं. काळंच होतं. तू खरं बोललीस आणि मी खोटं बोलले. मोठ्या बाईंना सांगून आलेय मी आत्ता."

"मग त्या रागावल्या?"

"खूप."

"तुमची नोकरी जाणार?"

"माहीत नाही गं. तू बघ. जे दिसेल ते सांग. नाही दिसलं तर नाही म्हण."

तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिले. तिथे कोणतेही उत्तर लिहिलेले नव्हते. मग तिने एक डोळा मिटला आणि दुसरा मला लावला. मी जीव मुठीत धरून उभा होतो.

"बाई... विटा नाहीयेत," ती चाचरत म्हणाली. "काळ्या काळ्या रेघा आहेत. वाकड्या. मी डोळा मिचकावला की हलतात."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "ती तुझी पापणी आहे, बाळा. पैकीच्या पैकी."

मित्रांनो, आरसा काय, कोणाच्याही पर्समध्ये मिळतो. माझी एकच विनवणी आहे, तुम्हालाही आणि तुम्हाला शिकवणाऱ्यांनाही. माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल, मला रंग दिला नाही तरी चालेल. पण एखादे मूल "मला काळंच दिसतंय" म्हणाले, तर त्याला नीट बघायला सांगण्याआधी तुम्ही स्वतः एकदा वाकून बघा.