घेवड्याचा दोन दिवसांचा उपवास

मित्रांनो, मी मंगळवार पेठेतल्या एका गॅलरीत, फुटक्या बादलीत वाढलेला घेवडा. वय सहा आठवडे. आमच्यात एवढ्यात शेंगा धरायची वेळ येते!

बी होतो तेव्हा माझ्या दोन्ही दळांत स्टार्च ठासून भरला होता. नववीतल्या आदितीनं मला भिजवलं, तशी त्याची मोडून साखर झाली आणि तिच्या जोरावर मला कोंब फुटला. पानं आल्यावर मी स्वतः कमवू लागलो. दिवसा उन्हात साखर करायची, उरेल तिचा स्टार्च करून पानातच साठवायचा. रात्री तोच मोडून मुळांना पोसायचं, मुळांच्या गाठींतल्या जीवाणूंनाही. ते मला नत्र देतात. फुकट कोण देतंय!

हे सारं आदितीला सोमवारच्या विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं होतं. त्यासाठी आधी पानांतला साठा संपायला हवा, म्हणून तिनं मला दोन दिवस अंधाऱ्या कपाटात कोंडलं. शुक्रवारी वर्गात पान तपासलं, तर आयोडीन पडताच निळंकाळं! स्टार्च होताच. सगळा वर्ग हसला.

कारण मला ठाऊक होतं. ती शाळेत गेली, की तिचे आजोबा तवनाप्पा मला गुपचूप उन्हात ठेवायचे.

"आजोबा, तुम्ही काढलासा व्हय?"

"काढलं की! झाडाला बी जीव हाय. काय गुन्हा केलता त्यानं?"

"अहो, पर्युषणात तुम्ही उपवास धरताय न्हवं? तसंच हे. साठवलेलं मोडून खातंय. मरत न्हाय!"

"मी व्रत घेऊन धरतो, पोरी. ह्याला कुणी इचारलंय?"

खरंच, मला कुणी विचारलं नव्हतं.

आदिती म्हणाली, "उद्या परत ठेवू? शेवटचं."

"ठेव. पण मी बी ह्येच्यासंगं धरतो."

दोन दिवस ते कपाटासमोर खुर्ची टाकून बसले, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. आत मी साठा पुरवून पुरवून मोडत होतो. बाहेर त्यांचं पोट गुरगुरत होतं.

सोमवारी सकाळी दार उघडलं. आदितीनं एक पान खुडून डबीत घातलं. प्रदर्शनात आयोडीन पडूनही ते तपकिरीच राहिलं, म्हणजे स्टार्च संपला होता, हे मला मागाहून कळलं. पान खुडल्यावर लगेच तिनं आजोबांपुढं मुगाचं कढण धरलं.

"आधी ह्येचं पारणं," ते म्हणाले.

तिनं मला गॅलरीत ठेवलं. माझ्या पानांवर ऊन आलं, तेव्हाच त्यांनी वाटी तोंडाला लावली.

मित्रांनो, शिकण्यासाठी आम्हाला कोंडावं लागलं तर कोंडा. पण दाराशी कुणीतरी बसा.