कारणाचा रकाना

"कोरी कार्डं बाजूला काढा, ओडेसा. कारण लिहिलेलं नाही, तर ते कार्ड आपल्या अभ्यासात धरायचं नाही," डॉक्टर हालबर्ग म्हणाली.

पोलिसांनी रस्त्यात गाडी अडवली की एक कार्ड भरतात: गाडीचा नंबर, चालक काळा की गोरा, आणि का अडवलं. आमच्या शहरात आम्हा काळ्यांनाच जास्त अडवतात का, हे विद्यापीठाला शोधायचं होतं, म्हणून हालबर्ग आली होती. मी एकोणीस वर्षं पोलिसांच्या रेकॉर्ड खोलीत कारकून. कार्डं संगणकात चढवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

"ज्यांना कारण सुचलं नाही, त्यांनीच रकाना कोरा सोडलाय. नेमकी तीच कार्डं टाकून दिलीत तर उरलं काय, कपाळ?"

"नियम आधीच ठरलाय. मधेच बदलला तर पोलिसांचे वकील अख्खा अहवाल उडवून लावतील."

त्या गठ्ठ्यात माझ्या नवऱ्याची सहा कार्डं होती. क्लेमंट बसडेपोत मेकॅनिक. कामावर जाताना एकाच वळणावर वर्षात सहा वेळा त्याला अडवलं, हात बॉनेटवर ठेवायला लावले. घरी त्यानं कधी ब्र काढला नाही; मला ते डेपोतल्या एकाकडून कळलं. अभ्यासाचं कळल्यावर मात्र म्हणाला, "निदान मोजतील तरी." तेवढ्यासाठी मी आठवडाभर हालबर्गचं डोकं खाल्लं. नवऱ्याचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर तिनं गठ्ठाच माझ्या हातून काढून घेतला असता.

शेवटी ती वैतागली. "बरं! ज्या पोलिसानं भरली त्याला परत पाठवते. आठवून भरू देत."

मला वाटलं, जिंकले. काय अक्कल म्हणायची माझी!

चार दिवसांनी ऑफिसर स्ट्रिकलंडनं त्याचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. "घे बाई, केला तुझा गृहपाठ."

"चौदा महिन्यांपूर्वीचं आठवलं तुम्हाला?"

"त्यात आठवायचंय काय? मागचा दिवा बंद. नेहमीचंच."

चाळीस कार्डं, एकच निळं पेन, एकच कारण. क्लेमंटच्या सहाही कार्डांवर तेच.

मी ती हालबर्गपुढे टाकली. तिचा चेहरा उतरला, तेवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं.

"आता ती पूर्ण आहेत, ओडेसा. नियमात बसतात. खोटी आहेत हे मी कशावरून दाखवू?"

टेबल उलथून टाकावंसं वाटलं मला. पण मी जागेवर येऊन बसले आणि सहा वेळा टाइप केलं: कारण, दिवा बंद. अडवणं योग्य. माझ्याच बोटांनी. कोरी राहिली असती तर निदान खोटी तरी झाली नसती.

संध्याकाळी क्लेमंट बटाटे सोलत होता. "धरली का गं माझी?"

"धरली."

"कारण काय लिहिलंय?"

खोटं बोलायला हवं होतं. नाही जमलं.

त्यानं सुरी खाली ठेवली, हात पुसले, किल्ली घेतली. "जरा बाहेर ये."

मी गाडीमागे उभी राहिले. त्यानं आत बसून ब्रेक दाबला.

"डावा?"

"लागलाय."

"उजवा?"

"लागलाय रे, क्लेमंट. दोन्ही लागलेत."

तरी कितीतरी वेळ त्यानं ब्रेकवरचा पाय काढला नाही.