ढब्बूची झोप

शाळेतली समुपदेशक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मान तिरकी करून ऐकणारी, मऊ आवाजाची बाई येते. मी तशी नाही. राग माझ्या नाकावर असतो, आणि जे वाटतं ते मी तोंडावर बोलते. आठ वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, मला सरळच सांगितलं होतं की मुलं तुमच्या खोलीत यायला घाबरतात. म्हणून तर मी कुत्रा आणला. मग मुलं यायला लागली. अर्थात त्याच्यासाठी. त्याच्या कानात सगळं सांगायची, आणि मी शेजारी बसून ऐकायची.

त्याचं नाव ढब्बू. तपकिरी रंगाचा, रुंद पाठीचा, धड कुठल्याच जातीचा नाही. त्याला मी एकच काम शिकवलं, पण पक्कं शिकवलं. माणसाचा श्वास अडखळला की उठायचं, त्याच्याजवळ जायचं, मांडीवर हनुवटी टेकवायची आणि श्वास सरळ होईपर्यंत हलायचं नाही. हे त्याच्या अंगवळणी पडावं म्हणून वर्षभर रोज संध्याकाळी मी घरात खोटं खोटं रडत होते. नवरा वैतागायचा. "शेजारचे मला काय म्हणत असतील, याचा विचार केलास का कधी?" एक दिवस शेजारीण खरंच चौकशीला आली. माझ्या काळजीने बिचारीचेच डोळे भरलेले. ढब्बू उठला आणि तिच्या मांडीवर हनुवटी ठेवून बसला. त्या दिवशी मला कळलं की गडी तयार झाला.

मग यंदा तिसरीतली एक मुलगी, परीक्षा आली की जिच्या पोटात कळ येते ती, त्याच्या गळ्याखाली खाजवता खाजवता म्हणाली, "बाई, याने गोट्या गिळल्यात. इथंच अडकल्यात बघा."

मी हात लावून बघितलं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना दोन टणक गाठी होत्या. मुलीसमोर मी एवढंच म्हटलं, "बघते हं मी." त्याच संध्याकाळी त्याला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. चार दिवसांनी त्यांनी सांगितलं की कॅन्सर आहे. बरा होणार नाही. गोळ्यांनी गाठी थोड्या बसतील, फार दुखणारही नाही. दोन महिने धरून चाला, नीट विश्रांती मिळाली तर तीन.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"काही करू नका. त्याला आराम करू द्या."

आता मी काय केलं ते ऐका. असला गोंधळ घालायला समुपदेशकच लागते, दुसऱ्या कुणाच्या बापाला जमला नसता. मुलांपासून काही लपवू नये, त्यांना मोकळेपणी रडू द्यावं, निरोप घेऊ द्यावा, हे मी इतकी वर्षं पालकांना घसा कोरडा करून सांगत आलेय. तेव्हा मी वेळापत्रक केलं. रोज दोन वर्ग, प्रत्येकाला अर्धा तास, माझ्या खोलीत. एकेकाने आत यायचं, ढब्बूला मिठी मारायची, मनात असेल ते बोलायचं. फलकावर लावलं. मोठ्या बाई वाचून म्हणाल्या, "किती सुरेख कल्पना आहे हो," आणि मीही फुगले.

मुलं आली, आणि आल्या आल्या रडायला लागली. ढब्बू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिला. एकही मूल त्याने चुकवलं नाही. मुलं संपली की त्यांचे शिक्षक, मग ऑफिसातले कारकून, मग बसचा ड्रायव्हर. मी दारात उभी राहून डोळे पुसत म्हणत होते, बघा, किती माया आहे या जनावरात! शुक्रवारी दुपारी व्हरांड्यात त्याचे मागचे पाय गेले. तो बसला तो उठेचना. चादरीत घालून आम्ही चौघांनी त्याला गाडीपर्यंत नेलं.

डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा तपासलं. "आजार वाढलेला नाही. गाठी उलट कमी झाल्यात. हा दमलाय. आठवडाभर काय करत होता?"

मी वेळापत्रकाचं सांगितलं. थोडं कौतुकानेच सांगितलं, आता लपवून काय करू. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे दोनशे माणसं याच्याजवळ येऊन रडली?"

"हो."

"आणि कुणी रडलं की याने काय करायचं असं तुम्ही शिकवलंय?"

कपाळ माझं! आठवडाभर मी त्याला विश्रांतीच्या नावाखाली आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या ड्यूटीवर लावलं होतं. आपण आजारी आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एवढं दिसत होतं की अख्ख्या शाळेला एकदम काहीतरी झालंय, आणि त्याचं काम संपता संपत नाहीये.

वेळापत्रक मी त्याच दिवशी फाडलं. मुलांना सांगितलं, ढब्बू दमलाय, त्याच्याजवळ रडायचं नाही. मुलांना लगेच पटलं. गोट्यावाली म्हणाली, "मग हे आधी नाही का सांगायचं, बाई?" मोठी माणसं मात्र ऐकेनात. चवड्यांवर चालत यायची, "नुसतं बघून जाते" म्हणायची आणि नाक ओढायची. नाक ओढलेलं ऐकलं की ढब्बू उठलाच. मोठ्या बाई एका दिवसात तीनदा माझ्या खोलीत फाईल विसरल्या. तिसऱ्यांदा मी त्यांना दारातच अडवलं. "डोळे कोरडे करून या, नाहीतर येऊ नका!" नोकरी गेली असती माझी. पण त्या निमूटपणे परत गेल्या.

आणि घरी? घरी मीच होते. त्याने अर्धं टाकलेलं ताट उचलताना माझा श्वास अडकायचा, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला तो उठायला लागायचा. आधी पुढचे पाय, मग थांबून मागचे. "बस ना रे राजा, बस," मी म्हणायची, पण म्हणतानाच आवाज फुटलेला असायचा, मग तो कशाला बसतोय? बाथरूममध्ये नळ सोडून रडून बघितलं. दार उघडलं तर हा बाहेर उभा. नवरा म्हणाला, "एक तर तू रडणं थांबव, नाहीतर त्याला कुठंतरी ठेव." मी भडकले. "कुठं ठेवू? आणि तू आधी आरशात बघ!" त्याने बघितलं आणि तोंड धुवायला गेला. दोन आठवडे ढब्बू सलग तासभर झोपला असेल तर शपथ. महिने दोन की तीन, हे आता आजारावर नाही, आमच्यावर होतं.

एका सोमवारी मी वर्गावरून आले तर तो खोलीत नव्हता. सगळी शाळा पालथी घातली. शेवटी मागच्या शेडमध्ये सापडला. तिथे आमचे सुतारकाका बाकं-खुर्च्या दुरुस्त करतात आणि शेजारच्याच खोलीत एकटे राहतात. टेबलाखाली, रंध्याने निघालेल्या लाकडाच्या छिलक्यांत, चारी पाय ताणून ढब्बू घोरत होता. वर रंध्याची खरखर चाललेली.

"मी नाही बोलावलं त्याला," काका मान वर न करता म्हणाले. "दोन तास झाले."

त्याला तसं झोपलेलं बघून मी नाक ओढलं. लगेच त्याचा कान हलला.

"बाहेर व्हा आधी, बाई. उठवाल त्याला."

माझा तिळपापड झाला. कुत्रा माझा, एवढ्याचा एवढा मी केला, आणि हे मला बाहेर काढणार! पण गेले बाहेर. खिडकीतून बघत उभी राहिले. काकांनी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. पायात आला तेव्हा ओलांडून गेले, बस.

सुट्टी झाल्यावर मी त्यांना विचारलं, काही दिवस याला ठेवून घ्याल का?

"मला कुत्री आवडत नाहीत. वार्निशला केस चिकटतात."

"माहितेय."

"आणि आधीच सांगतो, त्याचं काही बरं-वाईट झालं तर मला रडूबिडू येणार नाही."

"म्हणूनच तर तुमच्याकडे आलेय, काका."

गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून दिल्या, त्याची गादी आणून टाकली आणि घरी आले. त्या संध्याकाळी मी पोटभर रडले. कुणी उठून आलं नाही.

पुढचे पाच आठवडे ढब्बू झोपला. जेवायचा, शेडच्या मागे ऊन खायचा, परत झोपायचा. अंगावर थोडं मांससुद्धा चढलं. मी रोज सकाळी गोळ्या दारात ठेवायची, खिडकीतून बघायची आणि निघून यायची. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? आठ वर्षं जीव लावला मी, आणि त्याला सुखाची झोप लागली ती ज्याला त्याचं सोयरसुतक नाही अशा माणसापाशी.

तिसरा महिना लागला आणि एका दुपारी काका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत ते कधी जिना चढून वर आले नव्हते.

"उद्यापासून त्याला घेऊन जा," ते म्हणाले.

"का? काही केलं का त्याने?"

"काही नाही केलं."

"मग? केस चिकटले?"

त्यांनी दाराची बिजागरी बोटाने हलवून बघितली. "खुर्चीला पाय बसवत होतो मघाशी. तो उठला. फार वेळ लागला हो त्याला उठायला. आणि आला, आणि इथं," त्यांनी स्वतःच्या मांडीवर हात ठेवला, "इथं हनुवटी टेकवून उभा राहिला. मी रडत नव्हतो, बाई."

"नव्हता तुम्ही."

"खरंच नव्हतो. एवढंच आलं मनात की या खुर्च्या संपेपर्यंत हा असेल का." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "आता मीही त्याच्या कामाचा राहिलो नाही. दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी! मी बसल्या बसल्या सगळी शाळा डोळ्यांखालून घातली. माळी, कारकून, ड्रायव्हर, झाडू मारणारी मावशी, एकूण एक शिक्षक. ढब्बूवर जीव नाही असं एकही माणूस मला सापडेना. एरवी मला याचा केवढा अभिमान वाटला असता.

आम्ही दोघं खाली गेलो. ढब्बू शेडच्या मधोमध उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, परत माझ्याकडे. एवढी दोन माणसं रडवेली, आधी कुणाकडे जावं? त्याचे मागचे पाय लटलट कापत होते. आणि मला संताप आला. स्वतःचा, काकांचा, त्या गाठींचा, सगळ्या जगाचा. समोर ती खुर्ची होती, ती मी उचलून दाणकन आपटली.

"हा पाय वाकडा बसवलाय!"

"काय?" काका दचकले.

"वाकडा आहे! डुगडुगतेय बघा. यावर मूल बसलं तर पडेल की!"

"मी बसवलेला पाय वाकडा? तीस वर्षं झाली मला हे काम करून!"

"तीस वर्षं वाकडेच बसवत असाल!"

"गुण्या लावून बघा!" त्यांनी लोखंडी काटकोन माझ्या हातात कोंबला. "बघा, लावा! जमीन वाकडी आहे ही, पाय नाही!"

"नाचता येईना अंगण..." असं काहीतरी माझ्या तोंडी आलंच होतं, पण त्यांनी पूर्ण करू दिलं नाही. दुसरी खुर्ची ओढली, तिसरी ओढली, माझ्या सात पिढ्यांत कुणी कधी करवत धरली होती का असं विचारलं. मीही हार जाणारी नाही. खोटंखोटं नव्हतो भांडत, खरंच जुंपली होती. आवाज चढलेले, पण श्वास सरळ.

ढब्बू बघत राहिला. एकदा माझं तोंड, एकदा काकांचं. मग त्याने एक मोठा सुस्कारा सोडला, जागच्या जागी फिरला आणि टेबलाखाली जाऊन आडवा झाला. दहा मिनिटांत घोरायला लागला.

भांडण थांबवायची काही सोय नव्हती. मी काचकागद घेतला आणि बाक घासायला बसले. काकांनी माझ्या घासण्याला नावं ठेवली, मी त्यांच्या वार्निशला. त्या दिवसापासून शाळा सुटली की मी शेडमध्ये. नवराही यायला लागला. त्याला खिळा मारता येत नाही, तेव्हा भांडायला विषय कमी पडला नाही. ढब्बू आमच्या पायांत झोपायचा. एकदाही उठला नाही आमच्यासाठी.

विसाव्या दिवशी एका टेबलाच्या खणावरून आमची चांगलीच जुंपली होती, आणि बोलता बोलता काका गप्प झाले. मीही गप्प झाले. घोरणं ऐकू येत नव्हतं. मी खाली बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, पण वर-खाली होत नव्हती.

मग मी रडले. भोकाड पसरून रडले. काका छिलक्यांत मांडी घालून बसले आणि तेही रडले.

तो उठला नाही.